काळ्या पेटीतला कॅलिपर

शिवराजला खोटं लिहायचं नव्हतं. त्याच्या पलटणीतल्या दोघांनी आयकराच्या विवरणपत्रात खोट्या वजावटी दाखवल्या होत्या आणि नोटिसा आल्यावर त्यांना साहेबांपुढं उभं राहावं लागलं होतं. म्हणून सुट्टीवर आल्यावर तो नळदुर्गला सोमेशकडे गेला. सोमेश लोकांची विवरणपत्रं भरून द्यायचा आणि भरताना नीट समजावूनही सांगायचा.

"हवालदारसाहेब, कराच्या दोन पद्धती असत्यात. नव्या पद्धतीत दर कमी, पण तुमच्या सीमेवरच्या भत्त्याला सूट न्हाय. जुन्या पद्धतीत भत्त्याला सूट हाय. शिवाय घरात कुणी दिव्यांग तुमच्यावर अवलंबून असंल, तर त्याचीबी वजावट. हाय का कुणी?"

"बहीण हाय. सर्टिफिकेट हाय तिचं. माझ्याच जिवावर जगती."

"मग तुम्हाला जुनीच परवडती. पण ती कमवाय लागली की पुढच्या सालापासून ही वजावट लावू नका. खोटं ठरतंय."

त्याच्या बहिणीची, अक्षदाची, गावातल्याच अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड झाली होती. सोमवारी तिला तुळजापूरच्या कार्यालयात हजर व्हायचं होतं.

तो घरी आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसून कॅलिपरचे, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी साच्याचे, पट्टे आवळत होती. तिचा डावा पाय लहानपणापासून लुळा. पण कॅलिपर चढवला की ती गावभर एकटी फिरायची. मुलाखतीलाही तशीच चालत गेली होती.

"नोकरी करायची न्हाय," शिवराज म्हणाला.

"का?"

"तू कमावलीस तर माझी सूट जाती."

तिला थट्टाच वाटली. ती हसली. "एवढंच व्हय? दादा, तेवढं पैसं म्या देते की मानधनातून. वर पेढं!"

"तुझं पैसं घेतल्यावर तू माझ्यावर अवलंबून कशी? फौजेतला माणूस हाय मी. खोटं लिहिणार न्हाय."

आत भाकरी थापणारी त्यांची आई, सिताबाई, बोलली, "त्यो बरफात उभा राहतो तवा आपण खातो. अन् तुला लोकाच्या पोरांचा शेंबूड पुसायचाय?"

"व्हय, पुसायचाय," अक्षदा म्हणाली.

सुट्टी संपली म्हणून सोमवारी उजाडायच्या आत शिवराज पलटणीकडं निघून गेला. नाव-नंबर रंगवलेली त्याची काळी पेटी घरीच होती, तिला कुलूप होतं. अक्षदा उठली तर उशाशी कॅलिपर नव्हता.

"आई, माझा कॅलिपर?"

"पेटीत हाय. किल्ली त्यानं नेली."

अक्षदा सरपटत चुलीपाशी गेली आणि वरवंटा घेऊन आली. तोवर सिताबाई पेटीवर जाऊन बसली होती.

"घाल. माझ्या डोक्यात घाल आधी," ती म्हणाली.

अक्षदानं वरवंटा खाली ठेवला. हातांवर अंग ओढत ती सडकेपर्यंत गेली. एसटीच्या कंडक्टरनं तिला बखोटीला धरून वर घेतलं. तुळजापुरात कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत साडी गुडघ्यावर फाटली होती.

मुलाखत घेणाऱ्या बाई टेबलावरून वाकून बघत राहिल्या. "तू तर त्या दिवशी चालत आली होतीस."

"कॅलिपर घरी अडकलाय, बाई. भावानं कुलूप घातलंय. उद्या घालून येते."

"उद्या अडकला तर? पोरगं सडकेकडं पळालं, तर सरपटत जाऊन धरशील?"

बाईंनी यादीतल्या पुढच्या बाईला आत बोलावलं.

संध्याकाळी शिवराजचा फोन आला.

"गेली होतीस म्हणं. मिळाली?"

"न्हाय."

"बरं झालं." त्याचा आवाज मऊ होता. "आता पुढच्या सालीबी खरंच लिहिता येईल. हातांला लई लागलं असंल तर आईकडून हळद लावून घे. किल्ली दिवाळीला आणतो."