चूल तिथे पाळी

"माझं पाणी पिऊन तुझी मिरची माजली, नि वर मलाच सांगतेस पाळी संपली म्हणून?" थोरली कंबरेवर हात ठेवून पाटात उभी राहिली.

"पाणी काय तुमच्या माहेराहून आलंय, जाऊबाई?" धाकटी बांधावरून म्हणाली. "व्हा बाजूला. आता माझी पाळी."

थोरलीचा संताप खोटा नव्हता. गावात विहीर एक, मोटर एक, आणि नियम एक: चूल तिथे पाळी. कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की चूल वाढली की पाळी वाढते. झालं! लेकाचं लग्न लागायचा अवकाश, सून वेगळी चूल मांडायची. एका म्हाताऱ्यानं तर म्हातारीपासून वेगळी चूल मांडली; जेवायला मात्र तिच्याच ताटावर. माणसं वाढली, त्याहून भराभर चुली वाढल्या. विहिरीला तेवढं कुणी कळवलं नाही.

पाळ्या वाढल्या तशा आखूड झाल्या. थोरलीची अख्खी पाळी कोरडा पाटच गिळायचा. तिच्या मागून पाळी धाकटीची. तिला भिजलेला पाट आयता मिळायचा. थोरलीच्या मिरचीनं माना टाकल्या होत्या. आणखी एक पाळी वाया गेली की रोपं उपटून जाळायची, नि वर्षभर काय खायचं ते देवाला विचारायचं.

त्याच दुपारी सात देशांची मोठी माणसं विहीर बघायला आली. जगाचं पाणी जगानं कसं वाटून घ्यावं, हे ठरवायचं होतं म्हणे. आल्या आल्या गळ्यात गळे घातले, फोटो काढले. मग मांडवात बसून बाटलीतलं पाणी पीत जुंपली. दुभाषा बिचारा घामाघूम.

एक म्हणाला, "तुमची तोंडं फार झाली."

दुसरा म्हणाला, "तोंडं आमची, पण पोटं तुमची मोठी!"

"तुम्ही आधी कमी करा."

"तुम्ही करत नाही, तोवर आम्हीही नाही. मग बुडू दे सगळंच!"

शेवटी पुढच्या वर्षी पुन्हा भांडायचं, यावर एकमत झालं. टाळ्या पडल्या. मांडवाबाहेर उभ्या थोरलीच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला.

पुढच्या पाळीला ती बांधावर हाताची घडी घालून बसली. पाटकरी, म्हणजे मोटर चालवणारा, ओरडला, "अगं ए, पाळी चाललीय तुझी!"

"मला नको पाणी. कोरडाच राहू दे पाट."

धाकटीचा चेहरा पडला. "जाऊबाई, असं काय करता? मग माझं पाणी पाटच पिईल की!"

"पिऊ दे. माझी जळतेय, तुझीही जळू दे."

"काय बाई हा दुष्टपणा!"

"दुष्टपणा कसला? मोठ्या माणसांची रीत आहे ही."

धाकटीनं दोनदा थयथयाट केला, मिरचीकडे पाहिलं आणि नरमली. ठरलं: दोन्ही पाळ्या एक करायच्या, पाट एकदाच भिजवायचा, उरेल ते निम्मंनिम्मं. त्या दिवशी थोरलीच्या वाफ्यात शेवटच्या रोपापर्यंत पाणी गेलं. ती चिखलात फतकल मारून रडली. धाकटीनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

एवढ्यात पाटकरी आला. "वा वा! पाणी एकत्र, म्हणजे चूल एकत्र. उद्यापासून पाळी एकच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या क्षणी धाकटीनं थोरलीच्या झिपऱ्या धरल्या. "एकत्र? या भवानीशी?"

"सोड गं सटवे!" थोरली किंचाळली. "हिच्या सावलीलाही उभी राहणार नाही मी!"

सगळं गाव गोळा झालं. दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या. पाटकरी कानावर हात ठेवत पळाला, "बरं बाई, दोन तर दोन!"

तेव्हापासून दर पाळीला विहिरीवर दोघी आधी कडाकडा भांडतात. बघायला गर्दी जमते. "या दोघींचं काही जमायचं नाही," म्हणत लोक हळहळतात आणि आपापल्या वाळल्या वाफ्यांकडे जातात.