तारेचे दोन पीळ

एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच फिरायला निघालो. वासरांना मालकीचे डाग देऊन झाले होते, गवतकापणीला अजून दहा दिवस होते आणि शेजारीण आमची गुरं बघायला तयार झाली होती. नेब्रास्कातून निघायचं, वायोमिंग ओलांडायचं आणि मोंटानाचे डोंगर बघायचे, असं मी नवऱ्याला, डॉयलला, सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. वायोमिंगच्या उत्तर भागात एका गावात माझा धाकटा भाऊ एमेट गुरांच्या लिलावघरात कामाला होता. गाडी त्याच्या दारात नेऊन उभी करायची आणि नोव्हेंबरात जे बोलायला हवं होतं ते आता तरी बोलायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

नोव्हेंबरात आमच्या उत्तरेच्या कुरणातून सतरा गाभण गायी गेल्या. सकाळी फाटक सताड उघडं. आदल्या संध्याकाळी तिथून शेवटचा आला होता एमेट. तेव्हा तो आमच्याकडेच राहायचा.

"मी फाटक लावलं होतं," तो म्हणाला.

"कुणी पाहिलं?" डॉयलने विचारलं.

मी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी मी गाडीत बसले होते. एमेटने साखळी अडकवली आणि सवयीप्रमाणे तिच्यावर तारेचे दोन पीळ घातले. त्या पिळांवरून डॉयल त्याला कायम चिडवायचा, "बँकेची तिजोरी आहे का रे ती?" हे सगळं मला सांगता आलं असतं. पण डॉयलचा चेहरा बघितला आणि मी सांगितलं नाही. त्याच्या हातात कुंपणाची तार ताणायचा लोखंडी दांडा होता. तीन फटके बसले. तिसऱ्याने एमेटचा डावा डोळा गेला. मी हातात बादली धरून उभी होते आणि ती बादलीसुद्धा मी खाली ठेवली नाही. नंतर मीच माझी समजूत घालत राहिले की तेव्हा फाटकापाशी अंधारून आलं होतं, नीट दिसलं नसेल. खोटं होतं ते. लख्ख दिसत होतं.

तर आम्ही निघालो. डॉयल डोंगर बघेना. तो लोकांच्या गायी बघत होता.

"ही बघ, पाठ कशी आहे! आणि हा बैल? याला कोण बैल म्हणेल? बोकड आहे नुसता."

"समोर बघ, नाहीतर बोकडासकट खड्ड्यात जाऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक हरीण रस्त्यात आडवं आलं. डॉयलने हॉर्न दाबला. आमच्या गाडीचा हॉर्न जगावेगळा. एमेटनेच कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकचा काढून बसवलेला, तीन सुरांचा, शेवटचा सूर फाटका. हिवाळ्यात पेंड घालायला गेलो की तो वाजवायचा, आणि बर्फातून गायी धावत यायच्या.

हरीण गेलं. आणि डावीकडच्या कुरणात एका गायीने मान वर केली. मग दुसरीने. मग चिखल उडवत, वासरांना मागे टाकून, त्या सगळ्या कुंपणाकडे धावत सुटल्या आणि तारेला छाती लावून पेंडीसाठी हंबरायला लागल्या. सगळ्यांत पुढे अर्धं तोंड पांढरं असलेली गाय होती. तिला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

डॉयलने गाडी थांबवली. तो कुंपण ओलांडून पलीकडे उतरला आणि गायीच्या पुठ्ठ्यावर बोटं फिरवू लागला. आमचा डाग म्हणजे आडव्या रेघेखाली अर्धा गोल. इथे गोल पुरा झाला होता. एक अर्धा भाग जुना, गुळगुळीत. दुसरा खरबरीत, अजून लालसर.

"ओपल," तो ओरडला, "आपल्याच आहेत गं!"

मी फोन लावून शेरीफला बोलावलं. यायला पाऊण तास लागेल म्हणाला. तेवढ्यात टेकडीवरून एक पिकअप खाली आली आणि तिच्यातून ग्रेडी उतरला. याच माणसाने गेल्या ऑक्टोबरात आमची वासरं ट्रकमधून बाजाराला नेली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचं जेवून गेला होता मेला. डॉयलला ओळखल्यावर त्याने पिकअपच्या मागच्या हौद्यातून फावडं उचललं.

"माझ्या रानातून चालता हो, म्हाताऱ्या."

"गायी कुणाच्या?"

"डाग वाचता येत नाही का?"

डॉयल पुढे सरकला आणि फावडं त्याच्या कानावर बसलं. कान फाटून लोंबला. दुसरा वार बरगडीवर पडला, त्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला. मग डॉयलच्या हातात फावड्याचा दांडा आला. त्याने तो हिसकला, ग्रेडीला खाली पाडलं आणि छातीवर बसून नुसत्या मुठींनी त्याला ठेचायला लागला. दात पडले. नाक कुठे होतं ते कळेना. तरी ग्रेडी रक्त थुंकत हसला.

"तुझ्या फाटकाने माझं बोट खाल्लं!" त्याने उजवा हात वर केला. पहिल्या बोटाचं टोकाचं पेर नव्हतं. "साखळीवर तारेचे दोन पीळ! कुठल्या गाढवाने घातले होते रे ते? सुटता सुटेनात."

डॉयलची मूठ हवेतच राहिली. मला वाटलं, थांबला. पण तो थांबला नाही. आता तो पहिल्याहून वाईट मारायला लागला, डोळे मिटून, आणि मारता मारता रडत होता. ग्रेडीचा हात एकदा हलला आणि मग हलायचा थांबला. हा माणूस आता मरतो आणि माझा नवरा फासावर जातो, हे मला दिसलं.

मी कुरणाचं फाटक उघडलं, गाडी आत घातली आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही. सतराच्या सतरा गायी माझ्यामागे धावल्या. मी त्यांना सरळ त्या दोघांवर नेलं. खुरांच्या त्या गर्दीत डॉयलला ग्रेडीच्या अंगावरून उठावंच लागलं. एका गायीने जाता जाता ग्रेडीच्या मांडीवर पाय दिला आणि तो किंचाळला, म्हणजे जिवंत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

शेरीफने त्याला नेलं. डाग तपासणारा माणूस उद्या येईल, तोवर गायी इथेच राहतील, असं ठरलं. डॉयलने कानाला फडकं बांधलं होतं. निघताना त्याने फाटकाची साखळी अडकवली, थोडा उभा राहिला, आणि तारेचा तुकडा शोधून तिच्यावर दोन पीळ घातले. आधी दवाखान्यात जाऊ, मी म्हटलं.

"आधी एमेट," तो म्हणाला. "रस्ता तुला ठाऊक असेलच."

लिलावघराच्या मागे एमेटची खोली होती. ऊन उतरलं होतं. मी हॉर्न वाजवला. एमेट बाहेर आला, हातात कुंपणाची पक्कड. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सुरकुतलेली कातडी होती.

डॉयलने टोपी काढली. "गायी सापडल्या. ग्रेडीने नेल्या होत्या. तू फाटक लावलं होतंस."

एमेट म्हणाला, "त्यांना कुणाच्या भरवशावर सोडून आलास?"

"फाटक लावून आलोय मी. दोन पीळ घालून."

"कुणी पाहिलं?"

आणि त्याने पक्कड चालवली. डॉयलची भुवई फाटली. डॉयलने हात वर केले नाहीत. दुसऱ्या वाराला तो गुडघ्यावर आला, तिसऱ्याला आडवा झाला. चौथ्यासाठी एमेटने हात उचलला तेव्हा मी मध्ये गेले.

"मी पाहिलं," मी म्हणाले. "आज पाहिलं. आणि तेव्हाही पाहिलं होतं, एमेट. मी गाडीत होते. मला दिसलं होतं."

त्याचा हात खाली आला. खाली पडलेला डॉयल रक्तातून माझ्याकडे बघत होता. एमेटने आपला एक डोळा माझ्यावर रोखला, बराच वेळ. मी वाट बघत होते. मारावं त्याने, असं मला मनापासून वाटत होतं.

त्याने पक्कड खिशात घातली, आत गेला आणि आतून कडी लावली.