वेर्टहाइमची डांगरवाडी

त्या दिवशी नत्थुजीनं दुपारपर्यंत चाळीस डांगरं विकली आणि एक अख्खं गाव फुकट वाटलं.

मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात त्याची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसावर जग तुटून पडलं होतं. अकोल्याच्या बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या बैलबंड्या नदीच्या उतारावर खोळंबत आणि तहानलेले गाडीवान नत्थुजीच्या मांडवाखाली येत. कापूस घ्यायला आलेला एक जर्मन साहेबही येई. त्याच्याकडून ऐकलेलं त्याचं गाव नत्थुजी पदरचं तिखटमीठ लावून सांगे.

"वेर्टहाइम म्हंतात त्याले. दोन नद्याइचा संगम. टेकडीवर लाल दगडाचा किल्ला, पन पडका. तीस वर्सं लढाई चालली तिकडं, त्यात फुटला."

"तीस वर्सं?" खुशालराव गाडीवान म्हणाला. "मंग वावर कोन वाहे?"

"बायका. इकडं तरी कोन वाह्यते?" नत्थुजीनं त्याच्या हाती फोड दिली. "अन् नदीकाठी एक बुरूज हाय, वाकडा. जेवल्यावर तू उभा राह्यतं तसा. पूर आला का लोक भिंतीवर रेघ मारून साल लिहितात. ऐंशी वर्सांपूर्वीची रेघ अजून हाय. अन् वैशाखात नदी आटली, का सारं गाव वाळूत डांगरं लावते."

त्याची लेक गोदा मागे डांगरं निवडत होती. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती सासरहून परतली, तेव्हा पंतोजीच्या घरी वर्षभर भाजी पोचवून नत्थुजीनं तिला त्याच्याकडून वाचायला शिकवून घेतलं होतं. पुढं हाती लागेल ते ती वाचत गेली. चूक तिला खपत नसे.

"बा, ती नदी आटत नाई. हिवाळ्यात गोठते उलट. भूगोलात छापलं हाय."

गाडीवान हसले. नत्थुजीही हसला. सांजेला वेलांना पाणी घालताना मात्र त्यानं विचारलं, "चूक असन माही, गोदे. पन गाव कसं वाटलं तुले?"

"नकाशात तसं नाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेलांपाशी बसला, तो उठलाच नाही.

तेरवी झाली. डांगरं कोणाच्या दुखवट्यासाठी थांबत नाहीत, म्हणून गोदा मांडवात बसू लागली. पहिल्या दिवशी खुशालराव आला, त्यानं फोड घेतली, आणि शेवटी त्याला राहवलं नाही.

"गोदाबाई, वेर्टहाइमची डांगरं कशी हायेत औंदा?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. कोपऱ्यात साहेबही बसला होता.

"तिथं डांगरं होत नाईत, भाऊ. नदीच आटत नाई. हे साहेब बसले, इचारा."

"नाही आटत," साहेब एकेक शब्द जुळवत म्हणाला. "नत्थुजीला मी तीन वेळा सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तुमची नदी दोन महिने मला द्या. तिथं माझ्या लेकीच्या कपाळाकडे कोणी बघणार नाही. पण ती रिकामी बसणारी नाही. तिला वाडी पाहिजे."

गोदाच्या हातातली सुरी थांबली. साहेबानं फोड संपवून साल नीट बाजूला ठेवली. मग गोदानं नवं डांगर घेतलं आणि चरकन चिरलं.

"वैशाखात नदी आटते," ती म्हणाली. "किल्ल्याची सावली पडते तिथं वाडी. मांडवाची दोरी वाकड्या बुरुजाले बांधतात. म्हनूनच वाकला तो."

"बरोबर," साहेब गंभीरपणे म्हणाला.

"मंग भूगोल दुरुस्त करा लागते," खुशालराव म्हणाला, आणि मांडव असा हसला की उतारावरचे बैल बुजले. गोदाही हसली, डोळे पुसत हसली.

बंड्या हलल्यावर ती वेलांकडे गेली. तो बसला होता तिथली वाळू अजून थोडी खोलगट होती. ती त्या खळग्याशेजारी टेकली.

"गाव लई आवडलं मले, बा," ती मोठ्यानं म्हणाली.