पहिलीत बसलेली प्राप्ती

प्राप्तीच्या गावची शाळा म्हणजे एक खोली, एक गुरुजी आणि चारही वर्ग मिळून मूठभर पोरं. गुरुजी दुसरी-तिसरीला गणित घालत असले की पहिलीचा सगळा कारभार प्राप्तीकडे. तिथं तिचंच राज्य होतं. मग पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागलं आणि चौथीतली प्राप्ती चौलच्या मोठ्या शाळेत आली.

इथं मात्र तिची बोबडीच वळली. मृणाल मॅडमनी काही विचारलं की अख्खा वर्ग "मी, मी" करत उसळायचा. ही उठेपर्यंत उत्तर कुणीतरी देऊन मोकळं झालेलं असायचं. शेवटी तिनं उठायचंच सोडलं.

मॅडम स्वभावानं चांगल्या, पण त्यांना तरी कसं कळणार? त्या म्हणाल्या, "तुझा पाया कच्चा राहिलाय, बाळा. सोमवारपासून थोडे दिवस तिसरीत बस." प्राप्ती मनात म्हणाली, खालच्या वर्गात! आईला काय तोंड दाखवायचं?

शनिवारी फळ्यावर भागाकार चालला होता, तेवढ्यात शेजारी पहिलीत रडारड सुरू झाली. तिथल्या बाई मीटिंगला गेलेल्या. प्राप्तीनं वही मिटली आणि सरळ चालू पडली. विचारून जायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. लहान पोर रडलं की मोठ्यानं उठायचं, हीच तिच्या शाळेची रीत.

मॅडम तणतणत मागून आल्या आणि दारातच थबकल्या. पहिलीतल्या रडवेल्या संघर्षला मांडीवर घेऊन प्राप्ती बरणीतले चिंचोके वाटत होती.

"सगळ्यांना चार-चार आले ना? तीन उरले, ते परत बरणीत. आता संघर्ष, त्यातला एक मला दे. तुझ्याकडं किती राह्यले?"

"तीन," संघर्षनं नाक ओढलं.

"तीन हायत, तरी रडतोस व्हय?"

पोरगं हसलं. फळ्यावरचा भागाकार बाकीसकट समोर मांडलेला पाहून मॅडमही हसल्या. "प्राप्ती, तिसरी रद्द. चौथीतच बसायचं. आणि माझ्या वर्गातही अशीच बोल, मी आधी तुलाच विचारीन."

प्राप्तीला इतका आनंद झाला की तिची भीडच चेपली. "मॅडम, तिसरीत न्हाय, पण मधल्या सुट्टीनंतर थोडा वेळ पहिलीत बसू का?"

मॅडमनी मान डोलावली.

शाळा सुटल्यावर ती धावतच घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आई, मला पहिलीत बसवलं!"

आईनं कपाळावर हात मारला. लेक मात्र उड्या मारत होती.