बेचाळीस सालची रायफल

रेनो लाहती रायफल घेऊन घरात शिरला, तेव्हा त्याच्या बायकोने, मार्लिसने, आधी नाकाला बाही लावली आणि मग तोंड उघडलं.

"हे काय? गटारातून काढून आणलंस की काय?"

"ग्रीस आहे. गंजू नये म्हणून फासलेलं. सत्तर वर्षं अशीच पेटीत पडून होती."

"मग आणखी सत्तर पडली असती, कुणाचं काय बिघडलं असतं? आहे कुणाची?"

रेनो जरा घुटमळला. "रशियन फौजेची."

"शाब्बास! झारच्या फौजेत भरती व्हायला नको म्हणून तुझा आजोबा फिनलंड सोडून मिशिगनच्या या बर्फात खाणीत उतरला. आणि नातू खिशातले पैसे मोजून त्यांचीच बंदूक घरात आणतो. उद्या पाहुणचाराला रणगाडा आण."

रेनोने रायफल कोपऱ्यात उभी केली. खरं कारण सांगायचं तर डोळ्याचा विषय निघाला असता, आणि तो विषय त्या घरात गेले चार महिने कुणी काढत नव्हतं.

झालं होतं असं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सुरकुती पडली. दाराची चौकट मध्येच फुगलेली दिसायची, विजेचा खांब कमरेत वाकलेला. हिवाळ्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, सुधारेल. वाट बघता बघता बर्फ वितळलं आणि खांबही सरळ दिसू लागला. पण तो खरोखर सरळ दिसतोय, की डोळ्याला वाकड्याची सवय झालीय, हे काही केल्या रेनोला कळेना. एरवी चाललंही असतं. पण नोव्हेंबरात हरणांची शिकार असते. रेनो पंधरा वर्षांचा असल्यापासून त्याने एकही वर्ष चुकवलं नव्हतं, आणि एकही हरीण जखमी करून दलदलीत तडफडत सोडलं नव्हतं. त्याने मनाशी पक्कं केलं होतं: डोळा खोटं बोलत असेल तर या वर्षापासून शिकार बंद. कायमची.

हरणांच्या रायफलीवर दुर्बीण होती. दुर्बीण डोळ्याला सांभाळून घेते, तिच्यावर भरवसा नाही. जुन्या फौजी रायफलीला मागे नुसती खाच आणि पुढे नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट. खाच, माशी आणि निशाण एका रेषेत आणायचं काम निव्वळ डोळ्याचं. तिथे लबाडी लपत नाही. शिवाय खोटं कशाला बोला, अशी एक रायफल आपल्याकडे असावी हे त्याच्या मनात तरुणपणापासून होतंच.

आता ते ग्रीस काढायचं कसं? लोक रॉकेल वापरतात, उकळतं पाणी ओततात. रेनोने मात्र शनिवारी सौना, म्हणजे वाफेने घाम काढायची खोली, तापवली, आजोबाने स्वतःच्या हातांनी बांधलेली, आणि रायफल आत वरच्या बाकावर नेऊन निजवली. मार्लिसने कपाळाला हात लावला.

"अरे, तुझ्या बापाचा जन्म झालाय त्या सौनेत!"

"म्हणूनच. स्वच्छ व्हायला याहून चांगली जागा कुठली?"

"महिनाभर वास जाणार नाही. आणि तो वास अंगाला लावून माझ्या शेजारी झोपायचं नाही, सांगून ठेवते."

तो रायफलीबरोबर आतच बसला. गरम दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, आणि रायफलीला घाम फुटला. तपकिरी ग्रीस थेंबाथेंबाने गळू लागलं. फडक्याने पुसत पुसत तो नळीच्या मुळापर्यंत आला, तर पोलादावर एक तारा उमटला, त्याखाली आकडे: १९४२. त्याचा हात थांबला. दस्त्याचं लाकूड काळपट लाल निघालं. जिथे गाल टेकतो तिथे ते इतकं गुळगुळीत होतं की बोट आपोआप घसरत होतं. हे काम कारखान्याचं नव्हतं. कुणीतरी तिथे गाल टेकून महिनोन् महिने काढले होते. रेनोच्या अंगावर काटा आला, तोही सौनेच्या आत. देवळात बोलावं तसं हळू तो तिला म्हणाला, "बाई गं, काय काय बघितलंस तू?"

पुढच्या रविवारी तो तिला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. सोबत डेल होता, त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि शिकारीतला जोडीदार. तोंडाने फाटका, मनाने सोन्यासारखा. दुकानदाराने रायफलीबरोबर एक लांबलचक संगीनही दिली होती. चार धारांची, नुसती सुई. पेटीत मावेना म्हणून ती फडक्यात गुंडाळून रेनोच्या ट्रकमध्येच पडली होती.

मैदानाची व्यवस्था ग्लेंडाकडे. जाडजूड, शिट्टी गळ्यात, आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. रायफल बघून तिने भुवया उंचावल्या. "ही वाजते का, रेनो, की नुसती वास मारते?"

"बघूया."

शंभर यार्डांवर कागद लावला. रेनो टेबलाशी बसला, दस्ता खांद्यात रोवला, गाल त्या गुळगुळीत जागेवर टेकला. तो इतका नेमका बसला, जणू ती जागा त्याच्यासाठीच झिजवली होती. बोल्ट पुढे ढकलून त्याने गोळी नळीत चढवली. खाच. माशी. काळा गोल. श्वास अर्धा सोडून त्याने चाप ओढला.

काय तो आवाज! छपराचे पत्रे थडथडले, नळीच्या तोंडाशी हातभर जाळ उठला आणि खांद्याला असा धक्का बसला की टोपी मागे उडाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कॉफी सांडली. डेल ओरडला, "बापरे! मेलेले उठतील!" रेनो मात्र लहान पोरासारखा हसत होता. ऐंशी वर्षांची म्हातारी, आणि पहिल्याच हाकेला अशी ओ दिली! त्याने आणखी चार गोळ्या झाडल्या. चापाच्या क्षणी दर वेळी माशी त्याला गोलाच्या बरोबर मध्ये दिसली होती. शपथेवर सांगितलं असतं त्याने.

डेलने टेबलावर मांडलेल्या आपल्या दुर्बिणीला डोळा लावला, काच पुसली आणि पुन्हा लावला. डेलने थट्टा केली नाही म्हणजे बातमी वाईट.

"बोल."

"पाचही एका जागी आहेत. मुठीखाली झाकशील."

"कुठे?"

"उजवीकडे. गोलापासून चांगली वीतभर बाहेर."

हेच. अगदी हेच. नेम पक्का, हात पक्का, आणि डोळा वीतभर वाकडा. तिथे हरीण असतं तर पोट फुटून दलदलीत गेलं असतं.

डेलने घसा खाकरला. "जुनी रायफल आहे, रेनो. माशी सरकली असेल. माझ्याकडे पितळी हातोडी आहे, एक टोला देऊ की सरळ."

रेनोने नळीचं टोक जवळ घेऊन पाहिलं. माशीच्या बुडाशी, माशी आणि नळी दोन्हींवरून जाणारी, छिन्नीने मारलेली केसाएवढी खूण होती. आखून दिल्यासारखी अखंड. नेम बसवून झाल्यावर फौजेच्या कारागिराने मारलेली. माशी तसूभर जरी हलली असती तर खूण तुटून दोन झाल्या असत्या.

"नाही हललेली," तो म्हणाला. "ही बरोबर आहे. मीच वाकडा आहे." आणि मग, रायफल टेबलावर ठेवून, "या नोव्हेंबरात माझी जागा दुसऱ्या कुणाला दे."

"गप रे. असं नसतं."

"असंच असतं, डेल."

डेलने बिचाऱ्याने काहीतरी बोलायचं म्हणून ट्रकमधून सामानाचं गाठोडं आणलं आणि ती संगीन फडक्यातून काढली. "निदान ही तरी दाखव लोकांना. हिचं म्यान कुठाय?"

"म्यान नाही. दुकानदार म्हणाला, त्यांच्या शिपायांना म्यान देतच नसत. संगीन कायम रायफलीवरच..."

रेनो बोलता बोलता थांबला. त्याने संगीन डेलच्या हातातून घेतली आणि नळीच्या टोकाशी धरून पाहिली.

"काय झालं?"

"कायम रायफलीवर. म्हणजे ज्याने ही खूण मारली, त्याने नेम बसवला तेव्हासुद्धा रायफलीवरच असणार. टोकाला एवढं वजन, तेही उजव्या अंगाला. गोळी वेगळी जाणारच की!"

संगीन बसवलेली बघताच ग्लेंडा तरातरा आली. "ए! कुणावर चाल करून जायचंय? इथे संगीन चालत नाही."

"एक गोळी, ग्लेंडा. फक्त एक."

ती ओरडायच्याच बेतात होती, पण तिने त्याचा चेहरा बघितला. मग तिने शेवटचं टेबल दाखवलं, सगळ्यांना मागे घेतलं, आणि म्हणाली, "झाड."

आता रायफल उंचीला माणसाएवढी झाली होती. नळीचं टोक जड, स्थिर. रेनोने गाल टेकला. खाच, माशी, गोल. आणि एकदम त्याला वाटलं, आपल्या आधी इथे गाल टेकणारा पोरगाही असंच बघत असेल, अर्धा श्वास धरून. त्याच्यासमोर कागद नसेल. कदाचित समोरच्या फौजेतला, आपल्याच गोतातला कुणी फिनिश पोरगा असेल, तोही याच्याकडे असाच बघत. त्याने चाप ओढला.

ग्लेंडाने सगळ्यांचे बोल्ट उघडायला लावून मैदान बंद केलं. डेल दुर्बिणीवर वाकलेला होता, पण सांगेना.

"कुठे लागली?"

"स्वतः जा. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

रेनो शंभर यार्ड चालत गेला. काळ्या गोलाच्या पोटात, थेट मधोमध, एक भोक होतं. त्याने त्यात बोट घातलं. कुठल्या कारखान्यातल्या, कुठल्या थंडीत काकडणाऱ्या माणसाने ही रेष बसवली होती! तो गेला, ज्याला रायफल दिली तो पोरगा गेला, त्यांचं अख्खं राज्य गेलं, आणि रेष जागच्या जागी होती. ती तशी आहे हे बघायला आज त्याचा डोळा पुरला होता.

मागून डेल धापा टाकत आला. "अरे, तुझ्या त्या डोळ्यातून पाणी गळतंय. डॉक्टरला दाखव."

"गळू दे," रेनो म्हणाला. "सरळ दिसतंय, डेल. सगळं सरळ दिसतंय."

डेलने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग नोव्हेंबरातली जागा तुझीच," तो म्हणाला.