दोराला हात लावला, त्याचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आरशावर चालणारा. आधीच सांगून टाकतो, मी गळा काढायला बसलेलो नाही. आत्मवृत्त म्हटले की फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. माझे तसे नाही. मला भांडायचे आहे, आणि तेही स्वतःसाठी नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. पितळी नळी, तीन भिंगे आणि खाली गोल आरसा. बारामतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा माझा काय थाट होता! मला हात लावण्याआधी मुलांना हात धुवावे लागत. किती जणांनी माझ्यातून डासाची अळी पाहिली आणि किती जणी किंचाळल्या, ते आता आठवतही नाही. मग विजेवर चालणारे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या लाकडी पेटीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले. तरी मी गप्प होतो.

मला खाली काढले ते देवकाते सरांनी. त्यांना उजनीच्या पाण्यातल्या चिलापी माशांवर संशोधन करायचे होते. चिलापीच्या कल्ल्यांना बारीक किडे चिकटतात. उन्हाळ्यात पाणी आटले की ते वाढतात का, हे त्यांना शोधायचे होते. किडे ताजे असतानाच पाहावे लागतात, आणि धरणाच्या काठावर कुठली आली वीज? मला नुसते ऊन पुरते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातले गाढव मी.

सरांच्या मदतीला मुबशिरा आली. भिगवणला मासळीचा धंदा करणाऱ्या अल्ताफभाईंची ही मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती कल्ला अलगद उचलायची, माझा आरसा उन्हाकडे वळवायची आणि श्वास रोखून बघत राहायची. एवढ्या वर्षांत माझ्यातून इतका वेळ कोणीच पाहिले नव्हते. मला ती पोर आवडली, सरळ सांगतो.

या कामासाठी तिने हायवेवरच्या खानावळीत गल्ल्यावर बसणे सोडले होते. शनिवार-रविवारच्या त्या कामातून तिचा कॉलेजचा खर्च निघायचा. इथे पावसाळ्यात काम सुरू झाले, दिवाळी झाली, थंडी सरली, आणि तिला मिळाली ती शाबासकी. शेवटी एक प्रमाणपत्र मिळणार होते. तिची आई फरिदा आता मागे लागली होती, की लोणी देवकरच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेताहेत, सोमवारपासून जा. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी एवढा खटाटोप, तोच हातचा जाणार होता. पुढे एमएस्सी करून याच विषयात राहायचे, हे तिचे स्वप्नही त्याच्याबरोबर जाणार होते.

एक दिवस तिने धीर करून विचारले, "सर, ह्या कामाचे मला काही पैसे मिळतील का?"

सरांचा चेहरा उतरला. "अगं, हे संशोधन आहे. मजुरी आहे का? आम्ही आमच्या सरांकडे कधी मागितले नाहीत."

सर माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना खरोखरच वाटत होते, की विद्येच्या कामात पैशाचे नाव काढले तर मुलीचा अपमान होईल. आणि गंमत अशी, की अल्ताफभाईंना वाटत होते, सर लेकीला फुकट जादा शिकवतात. म्हणून दर आठवड्याला ते साफ केलेली चिलापी पिशवीत घालून आणायचे. "सर, पोरगी तुमच्या हाताखाली शिकती हाय. आमचं एवढं तरी घ्या." सर संकोचत पिशवी घ्यायचे. म्हणजे पोर राबायची ती राबायची, वर मासेही तिच्याच घरचे!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी भिंगे पुसायच्या कागदाला प्रकल्पात तरतूद होती. माझ्या टोपणाला होती. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवायचा होता, त्यालाही होती. माझ्यातून बघणाऱ्या डोळ्यांनाच तेवढी नव्हती.

त्या शनिवारी सकाळी आम्ही काठावर होतो. तिथले जुने मच्छीमार झुंबरतात्या आणि त्यांची माणसे मोठे जाळे ओढत होती. जाळे जड आले होते. सरांना हुक्की आली, त्यांनी पँट दुमडली आणि दोराला हात लावला. दोन-चार हिसके दिले असतील नसतील. जाळे काठाला लागले, माशांचे वाटे पडले, आणि तात्यांनी एक वाटा सरांपुढे ठेवला.

"अहो तात्या, मी गंमत म्हणून ओढलं."

"गंमत आसंल तुमची. दोराला हात लावला त्येचा वाटा. हितं आमी कुणाचा हात फुकट घेत न्हाय."

सर हसले. मुबशिरा हसली नाही. ती माझ्यापाशी बसली होती, तशीच उठली.

"सर, तुमी घटकाभर दोर वढला. मी पावसाळ्यापासनं वढतेय."

अल्ताफभाई पिशवी घेऊन मागेच उभे होते. त्यांनी लेकीकडे पाहिले, मग सरांकडे. "म्हंजी? सर, पोरीला तुमी कायबी देत न्हाय? मला तर वाटत हुतं, आमीच तुमचं देणं लागतो." पुढे केलेली पिशवी त्यांनी हळूच मागे घेतली.

"मी कॉलेजात विचारून बघतो," सर पुटपुटले.

"बघा, सर," ती म्हणाली. "पण सोमवारी मी कारखान्यात जाणार हाय."

आणि सोमवारी ती गेली. मी पेटीत बसून होतो. तरी मला तिचा अभिमानच वाटला. सर आठवडाभर या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालत होते. शेवटी त्यांनी माझा कॅमेरा रद्द करून घेतला आणि ती रक्कम मदतनीस विद्यार्थ्याच्या मानधनाकडे वळवली. मग ते स्वतः भिगवणला गेले. मानधन कारखान्याच्या पगाराएवढे नव्हते, पण मुबशिरा आली. पेटी उघडण्याआधी तिने एकच विचारले, "आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना?"

सरांनी मान डोलावली. "त्यांनाही."

मित्रांनो, माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला नाही, त्याचे मला काडीचेही दुःख नाही. मला मऊ कापडाने पुसा, माझ्या पेटीत कुंभारमाशी शिरू देऊ नका, एवढे केलेत तरी पुरे. पण उद्या तुम्ही कॉलेजात जाल. कोणी तुम्हाला संशोधनाला बोलावील. कुठे पैसे देतात, कुठे गुण देतात, कुठे नुसताच कागद. आनंदाने जा, पण पहिल्याच दिवशी विचारा, "माझा वाटा काय?" आणि विचारताना सरळ डोळ्यांत बघा. मान खाली घालायची ती फक्त माझ्या भिंगावर.