एकशिंगी घोडा

वच्छलाबाईंनी देव्हाऱ्यातला घोडा पदरानं पुसला, तशी भंडाऱ्याखालची पांढरी चिनी माती उघडी पडली. घोड्याच्या कपाळावर बोटभर शिंग होतं.

"खंडोबाचा घोडा हाय. शिंग कशाला, ते आमच्या मालकांनाबी ठाव न्हवतं. देवाचा घोडा, असंल म्हणायचं."

चांगदेवनं विचारून तो हातात घेतला, उलटा केला. बुडाला निळी खूण. मागच्या खुरापाशी बारीक चीर. आई सांगायची अगदी तशीच.

दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेल्या या माणसाला असल्या जुन्या विलायती पुतळ्यांचा भारी नाद. पंखांचा सिंह, मासोळीच्या अंगाची बाई, आग ओकणारा साप. कॉलनीतले साहेबलोक गेले, त्यांचं सामान भंगारात आलं, तेव्हापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत त्यानं चपला झिजवल्या. बायको करुणा म्हणायची, "घरात धड कपबशी न्हाई, आन् कपाटात राक्षस." पण खरा शोध या एकाच घोड्याचा होता. म्हणून तर बोहारणीनं असा घोडा बघितल्याचं नुसतं सांगितलं आणि तो यष्टीनं शिरूरला आला, तिथून चालत या वस्तीवर.

"मालकांना कुठं गावला?"

"दौंडला साहेबाच्या बागेत माळी होते. देवाचा घोडा काचेच्या कपाटात कोंडलेला. ना भंडारा, ना दिवा. न्हाई बघवलं त्यांना. आणला सोडवून, आन् त्याच दिशी काम सोडून घरी आले." वच्छलाबाई हसल्या. "देवाला कुणी चोरतं व्हय?"

चांगदेवला संताप आला. ज्यांच्यावर काढायचा ते वच्छलाबाईंचे मालक ज्ञानू माळी कधीच वारलेले.

"त्या बंगल्यात धूळ पुसायला माझी आई होती, रंभा. घोड्यांची जोडी होती. एक गेला, आन् मडमेनं आईला चोर म्हणून हाकललं. चाळीस वर्षं झाली. चाळीतल्या बायका अजून तिला बघून कपाटाला कुलूप लावतात."

वच्छलाबाई उठून पेटीकडं गेल्या. मग त्यांनी नवा खण काढला, घोडा त्यात गुंडाळला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"न्या, दादा. मालकांना ह्यातलं काय ठाव न्हवतं. असतं तर आईच्या पाया पडले असते."

चांगदेवनं बोचकं मांडीवर घेतलं. घरच्या कपाटात त्याची जागा कधीची मोकळी होती. तो उठला आणि देवाबिवाला कधी हात न जोडलेल्या त्या माणसानं घोडा आपल्या हातानं परत देव्हाऱ्यात ठेवला.

"घोडा राहू द्या, मावशी. तुम्ही चला."

दुपारच्या यष्टीनं दोघं दौंडला पोचली. रंभाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. वच्छलाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. रंभाबाईंचा चेहरा हलला नाही. चांगदेवला वाटलं, आता आई हिला घराबाहेर काढणार.

"माळी व्हय," रंभाबाई अखेर म्हणाल्या. "आन् मडमेच्या पोरानंच घोडा लांबवला म्हणून मी जल्मभर त्याच्यावर डूख धरला." त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

डोळे पुसून झाल्यावर गुडघ्यावर हात देत त्या उठल्या आणि वच्छलाबाईंचा हात न सोडता दाराकडं निघाल्या.

"चला, भाईर ओट्यावर बसू. नळाला पाणी आलंय, समद्या बायका जमल्यात. आता सांगितलं तेच सांगा. जरा मोठ्यानं."